साळवेबाईंचा एक राँग नंबर

साळवेबाईंचा आवाज मी आधी ऐकला. प्रत्यक्ष बाई पाहिल्या त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि पाहिल्यावर विश्वास बसेना की तो आवाज याच बाईंचा.

झालं असं. लग्न करून मी भंडारा जिल्ह्यातून निघाले ती एकदम कोपरगावच्या बाजूला, एका साखर कारखान्याच्या वसाहतीत येऊन पडले. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. आमचे हे मिलमध्ये फिटर. गळीत सुरू झालं की तीन पाळ्यांत फिरायचे. माझी शाळा पाचवीत सुटलेली. ओळखीचं माणूस एक नाही. भाताच्या जागी बाजरीची भाकरी, आणि दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर चिमणीतून उडून आलेली काळी काजळी. पहिल्याच आठवड्यात नळावर कुणीतरी माझी कळशी बाजूला सारली. मी एवढंच विचारलं, "काहून सरकवली?" त्या 'काहून'ला, म्हणजे आमच्याकडच्या 'का'ला, नळावरच्या सगळ्या बायका हसल्या. वाईट नव्हत्या त्या, पण हसल्या. जाधववहिनी, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, त्या तर "काहून गं, काहून?" असं म्हणत हंडा घेऊन घरापर्यंत गेल्या. त्या दिवसापासून मी तोंड उघडायचंच टाळायला लागले. मान हलवून भागेल तेवढं भागवायचं.

अशात एक दिवस वॉचमन सांगत आला, गेटवर फोन आलाय, माहेरचा. मी धावत गेले. रिसीव्हर कसा धरायचा ते वॉचमननंच दाखवलं. तिकडे आमचे बाबा, जन्मात पहिल्यांदा एसटीडी बूथमध्ये शिरलेले. इकडे मी. दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना, नुसती खरखर. तेवढ्यात मधूनच एक आवाज आला, रेडिओवर बातम्या सांगतात तसा: "नमस्कार, कारखाना. आपली लाइन जोडलेली आहे. कृपया बोला." तरी आम्ही गप्प. मग तोच आवाज एकदम पदर खोचून बोलावं तसा झाला.

"आवो बाबा, पोरगी हितं उभी हाय. तुमचा मीटर पळतोय तिकडं. बोला की!"

"बरी आहे का म्हणा," बाबा म्हणाले. मला नव्हे, त्या आवाजाला.

"बरी हाय म्हनती."

मी काहीच म्हटलं नव्हतं.

"जेवते का म्हणा."

"जेवती. पर भाकरी अजून गिळंना म्हनती. तांदूळ धाडा."

आणि पंधरा दिवसांनी खरोखर तांदळाचं पोतं आलं. माझ्या घशातली भाकरी त्या बाईला कशी दिसली, हे मला आजही कळलेलं नाही. वाडगाभर तांदूळ घेऊन मी टेलिफोन एक्स्चेंज शोधत गेले. ऑफिसच्या जिन्याखाली एक खोली; आत लाकडी बोर्ड, बोर्डाला ओळीनं भोकं, भोकांतून आडव्यातिडव्या वायरी, आणि समोर स्टुलावर मांडी घालून बसलेली एक ठेंगणी, सावळी, पन्नाशीकडे झुकलेली बाई. कानावर हेडफोन, तोंडात बडीशेप. एका हातानं वायर उपसत होत्या, दुसऱ्या हातानं शेंगा सोलत होत्या.

"तांदूळ आला व्हय?" मला बघताच म्हणाल्या. "ठिव तिथं. कुठली तू?"

"भंडारा."

"घरी फोन हाय?"

मी मान हलवली. नाही.

साळवेबाईंचं एक होतं. बोर्डावर पन्नास लाइनी, आणि बाईंच्या लेखी माणूस म्हणजे त्याचा नंबर. "बावीस तापलाय आज," म्हणजे चीफ इंजिनिअर रागात आहेत. "सतरा झोपलाय," म्हणजे दवाखान्यात कुणी फोन उचलत नाही. ही सवय घरीही सुटायची नाही. त्यांचे मालक साळवेदादा लॅबमध्ये उसाचा रस तपासायचे. लॅबचा नंबर चौतीस. "चौतीस, चहा घ्या," असं बाई म्हणायच्या आणि चौतीस मुकाट्यानं घ्यायचे. त्या नवरा-बायकोचं भांडण झालं तर बाई एवढंच म्हणायच्या, "चौतीस एंगेज हाय."

मला बघून त्यांनी जरा विचार केला. "पन्नासच लाइनी हायत बघ. एकबी मोकळी न्हाई." मग शेंग फोडली. "जा. तू एक्कावन्न."

तेव्हापासून वसाहतीत मला एक हक्काचं नाव मिळालं. बाकीच्या मला भंडारावाली म्हणायच्या. बाई एक्कावन्न म्हणायच्या. दुपारी त्यांची पाळी संपली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. बोलायच्या त्याच. मला बोलायला त्यांनी कधी लावलं नाही. फक्त एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता, आणि ती मी शंभरदा ऐकली असेल, दरवर्षी आकडा तेवढा एकानं वाढलेला: "पंधरा वर्सं झाली. या बोर्डावरनं राँग नंबर गेलेला न्हाई." एकदा कुठल्याशा साहेबांनी तक्रार केली की ऑपरेटरनं भलतीकडेच फोन जोडला. बाई थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, त्यांच्याच डायरीत नंबर उलटा लिहिलेला दाखवला, आणि "डायरीतला राँग हाय सायेब, बोर्डावरचा न्हाई," म्हणून परत येऊन शेंगा सोलायला बसल्या.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग बाईंकडे होम थिएटर आलं.

बाईंचा धाकटा भाऊ मस्कतला होता. दोन वर्षांनी आला तो एक भलंमोठं खोकं घेऊन आला, बहिणीच्या दारात ठेवलं, आणि सुट्टी कमी म्हणून तिसऱ्या दिवशी परत गेला. खोक्यात सीडी लावायचं यंत्र, पाच लहान आवाजपेट्या, एक मोठी पेटी, दोन माइक आणि वायरींचं भेंडोळं. सोबत भावाची चिठ्ठी: ताई, यात कराओके पण आहे.

बाईंनी चिठ्ठी चष्मा लावून वाचली. "करा, ओके. म्हनजे जोडनी करा, की झालं ओके. त्यात काय सांगायचंय येवढं?"

कराओके म्हणजे वाजंत्री यंत्रानं वाजवायची आणि गाणं आपण म्हणायचं, हे आम्हाला कळायला आठवडा गेला. तोवर तो शब्द पुरता देशी झाला होता. बाई पलंगाखाली शिरून वायर खुपसायच्या आणि आतून ओरडायच्या, "करा!" बटणापाशी उभी असलेली बटण दाबायची आणि आवाज आला तर म्हणायची, "ओके!" बटणापाशी बहुतेक मीच असायचे. माझ्या तोंडून वसाहतीत रोज निघणारा तो एकच शब्द.

बाईंनी जोडणी केली ती एक्स्चेंजच्या शिस्तीनं. प्रत्येक वायरीला चिंधी बांधून त्यावर नंबर. मला खोलीच्या मध्यात पाटावर बसवलं. "हल की जरा डावीकडं. हां. आता तू मीटर हायेस. दोनी कानांत सारखं आलं की सांग." गाणं सुरू झालं आणि माझ्या मागून कुणीतरी सतार छेडली. मी दचकून वळून पाहिलं. मागे फक्त भिंत. बाई टाळ्या पिटून हसल्या. "बघितलं ना मागं? म्हनजे मागची पेटी ओके!" मोठ्या पेटीचं नाव त्यांनी हत्ती ठेवलं. हत्ती पलंगाखाली धान्याच्या पोत्याशेजारी बसवला, तर त्याच्या प्रत्येक ठोक्याला फळीवरचे डबे खणखणायचे. साळवेदादा म्हणाले, हत्ती बाहेरच्या खोलीत नेऊ. "ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या, "भांडी बी साथ देत्यात." पण दादा जेव्हा मागच्या दोन पेट्या बाबासाहेबांच्या फोटोच्या दोन बाजूंना लावायला निघाले, तेव्हा बाईंनी स्टूलच ओढून घेतलं. "तिथं न्हाई. त्यांना वाचायचं असतंय."

माइक पेटीच्या तोंडासमोर धरला की यंत्र शिट्टी घालतं, हेही आम्हाला असंच कळलं. पहिल्या दिवशी ते तीनदा शिट्टी देऊन गप्प झालं, आणि तिसऱ्या शिट्टीला जाधववहिनी अंगणातून धावत आपल्या घरात गेल्या, गॅस बंद करायला.

भावानं दिलेल्या सीडीत सगळी परदेशी गाणी. टीव्हीच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं पळायची. ती पकडायची कुणी? पण यंत्रावर एक बटण होतं. आपल्या साध्या कॅसेटची वायर त्यात जोडून ते बटण दाबलं की गाण्यातला गाणाराच पुसला जायचा, वाजंत्री तेवढी उरायची. बाईंना त्या बटणानं वेड लावलं. घरातली एकेक कॅसेट घालून त्या गाणाऱ्यांना बाहेर काढत बसल्या. एक जुनं, त्यांच्या आईच्या आवडीचं गाणं लावलं आणि बटण दाबलं, तर सगळंच गुडुप. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. साळवेदादांनी समजावलं की जुन्या गाण्यात सगळं एकाच धाग्यात विणलेलं असतं, ओढलं की सगळंच येतं. बाईंनी ती मुकी कॅसेट बाहेर काढली. "रागीट बाई हुती," म्हणाल्या. "मला बाहेर काढता व्हय, म्हनून वाजंत्री घिऊन गेली."

नव्या गाण्यांवर मात्र बटण चालायचं. आळीतल्या बायका दुपारी जमायला लागल्या. सगळ्यांत गोड गळा जाधववहिनींचा. पण गाणारी पुसली गेली की एक अडचण यायची: घुसायचं कुठं? नुसती वाजंत्री चाललीय, आणि वहिनी माइक घेऊन उभ्या, रस्ता ओलांडायला उभं राहावं तशा. घुसल्या की चुकीच्या ठिकाणी. शब्द वहीत लिहून घेतले तर चष्मा, वही आणि माइक दोन हातांत मावेनात.

एकदा बाईंनी वही माझ्याकडे दिली. "एक्कावन्न, तू धर समोर आन् बोट ठिवत जा ओळीवर."

मी वही धरली. बोट ठेवलं. गाणं पुढे गेलं आणि माझं बोट तिथंच. मला वाचता यायचं, पण एकेक अक्षर जुळवत. गाणं काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. आता कळणार सगळ्यांना, या एका विचारानं मला काही दिसेनासं झालं. बाईंनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून यंत्रच बंद केलं. "लाइट कमी झाली वाटतं," म्हणाल्या. गळीत हंगाम होता. कारखान्याची वीज त्या दिवसांत कधीच कमी व्हायची नाही.

सगळ्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "गानं येतं का पर तुला ह्ये?"

मी मान हलवली. येतं.

"किती?"

"आख्खं," मी म्हटलं. "सगळीच येतात. दोनदा ऐकलं की राहते."

ज्याला धड वाचता येत नाही त्याला लक्षात ठेवावं लागतं. किराणा, निरोप, गाणी, सगळंच. मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. बाई मात्र एक्स्चेंजमध्ये नवी लाइन सापडल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.

त्याच सुमाराला क्लबच्या हॉलचा विषय निघाला. वसाहतीत एक क्लब होता. कॅरम, टेबल टेनिस, पंखे, सगळं पुरुषांचं. बायकांना तो वर्षातून एकदा उघडायचा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. साळवेबाई त्याला जायच्या, तिळगूळ घ्यायच्या, गप्पा मारायच्या, कुंकवाला हात आडवा करायच्या. पण त्यांचं दुखणं वेगळं होतं. हॉल झाडणाऱ्या यमुनामावशी विधवा. सगळा हॉल झाडून, सतरंज्या घालून त्या बाहेर पायरीवर बसायच्या. बाईंनी क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला. त्यांचा नंबर सदतीस. मी शेजारीच होते.

"नमस्कार सर. यंदा संक्रांतीला हॉलमध्ये महिलांचा गाण्याचा कार्यक्रम ठेवण्याची विनंती आहे. सर्व महिलांसाठी. तसेच पुढे दर शनिवारी दुपारी हॉल मिळावा." हा बातम्यांचा आवाज.

पलीकडून सदतीस बराच वेळ बोलले. बाईंनी फोन ठेवला. "म्हनतो, वाण हातात पडलं की बायका पाच मिनटांत पांगत्यात. अर्धा तास टिकवून दाखवा, मग शनवार तुमचा. न्हाई टिकल्या तर पुन्हा विषय काढायचा न्हाई." मग शेंग फोडल्यासारखी बोटं मोडली. "टिकवू की. करा!"

मी ओके म्हटलं नाही. बाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती मला आवडली नव्हती.

बेत असा होता. मी पडद्यामागे बसायचं. माझ्या हातात दुसरा माइक. त्याची वायर बाईंनी जुन्या टेलिफोनच्या भागांतून बनवलेल्या एका डबीत जाणार, आणि डबीतून गाणारीच्या कानातल्या हेडफोनात. प्रत्येक ओळीच्या आधी मी ओळ सांगायची आणि कुठं घुसायचं तेही सांगायचं. ऐकू येणार ते फक्त गाणारीला.

"बाई, बाहेर नाही न जाणार आवाज?" मी रोज विचारायचे.

"एकोनीस वर्सं झाली," बाई सुरू व्हायच्या.

आठ दिवस दुपारी सराव झाला. जाधववहिनींच्या कानात मी कुजबुजायचे आणि वहिनी नेमक्या घुसायच्या. "अगं, तुला सगळं गानं येतंय, आन् चार वर्सं गप काहून बसली?" असं एकदा त्यांच्याच तोंडून निघून गेलं. आम्ही दोघीही हसलो. त्यांच्या लक्षात यायच्या आधी मी.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी तीनला होम थिएटर हातगाडीवरून क्लबात गेलं. हत्तीला दोघांनी उचललं. बाईंनी चिंध्यांवरचे नंबर बघत बघत स्वतः एकेक वायर जोडली, कुणाला हात लावू दिला नाही. यमुनामावशी सतरंज्या घालून पायरीकडे निघाल्या तर बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना पहिल्या ओळीत बसवलं. "आज कुंकू न्हाई, गानं हाय. बस." हॉल भरला. सदतीस दारात चहाचा कप घेऊन, मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं उभे.

मी पडद्यामागे. माइक दोन्ही हातांत धरून बसलेली.

वाजंत्री सुरू झाली. जाधववहिनी उभ्या. मी माइक तोंडाशी नेला आणि सरावात सांगायचे तसं सांगितलं, "थांबा वहिनी, अजून नाही… अजून नाही… आता घुसा!"

आणि माझाच आवाज मला मागून आला. मग पुढून. मग दोन्ही बाजूंनी. "आता घुसा!" हे शब्द पाच पेट्यांतून आणि वर हत्तीतून सगळ्या हॉलभर घुमले.

मग हॉल फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. वहिनींनी गोंधळून माइक खाली घेतला. मी इतकी घाबरले की काय करावं ते न सुचून सरावातलंच पुढचं वाक्य तोंडातून गेलं: "काहून थांबल्या जी? म्हणा ना!"

काहून. हत्तीतून.

मला वाटलं जमीन फाटावी. आता सगळ्या उठणार, पांगणार, शनिवार गेला, यमुनामावशी पुन्हा पायरीवर, आणि हे सगळं माझ्या एका तोंडामुळे. पडद्याच्या फटीतून मी बाईंकडे पाहिलं. त्या यंत्रापाशीच उभ्या होत्या. माझ्या माइकची वायर डबीऐवजी होम थिएटरच्या दुसऱ्या भोकात बसलेली मला तिथून दिसत होती, आणि बाईंची दोन बोटं त्या पिनेवर होती. उपसायला अर्धा क्षण पुरला असता. बाईंनी उपसली नाही. माझ्याकडे बघितलं आणि फक्त ओठ हलवले.

करा.

वाजंत्री चाललीच होती. धृपद पुन्हा फिरून येत होतं. माझ्या मनात काही ठरलं बिरलं नाही. ओळ येत होती आणि ओळ सांगायची सवय लागली होती, एवढंच. मी सांगितलं, "नदीपल्याड माझं गाव गं…"

आणि पहिल्या ओळीतून एक घोगरा, मोठा आवाज उठला, "नदीपल्याड माझं गाव गं!" यमुनामावशी. जात्यावर एकीनं ओळ सोडायची आणि दुसरीनं उचलायची, यात जन्म गेलेली ती बाई. तिला पेटीतून काय नि समोरून काय, ओळ आली की उचलायची एवढंच ठाऊक. मी दुसरी ओळ सोडली. या वेळी मावशींबरोबर दहाजणी होत्या. तिसरीला जाधववहिनींनी माइक तोंडाशी घेतला आणि त्यांचा गोड आवाज सगळ्यांच्या वर गेला. चौथीला आख्खा हॉल. मी ओळ सांगायचे, हॉल म्हणायचा. मध्येच मी चुकून "थांबा, थांबा, आधी पेटी वाजू द्या," म्हटलं, तर हॉलनं तेही चालीत म्हटलं!

दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. कुणीतरी ओरडलं, "भंडारावाली, आता सासूचं सोड!" मी सासूचं सोडलं. वाणाची पिशवी कोपऱ्यात तशीच पडून. सदतीसांचा चहा कपातच गार झाला. एका गाण्याला तर त्यांचा पाय ठोका धरत होता, हे मी फटीतून स्वतः पाहिलंय. पाळीचा भोंगा झाला तेव्हा कुठे बायकांना घरची चूल आठवली. दोन तास होऊन गेले होते.

पांगताना बाईंना गाठून सदतीस म्हणाले, "साळवेबाई, एकोणीस वर्षांचं रेकॉर्ड मोडलं की! वायर चुकली."

"चुकली सर," बाई बातम्यांच्या आवाजात म्हणाल्या. "क्षमस्व."

आणि तोंडात बडीशेप टाकली.

शनिवार आमचा झाला. पडदा काढून टाकला. मी समोर स्टुलावर बसून ओळ सोडायचे. पुढे बायका चुकलेल्या ओळी मला विचारायला लागल्या म्हणून मी त्या वहीत उतरवायला लागले, आधी वेड्यावाकड्या, मग जरा सरळ. वाचायला म्हणून बाईंनी मला कधी पुस्तक दिलं नाही. कारखान्याची टेलिफोन यादी दिली. "ही वाच. समदी वळखीची मानसं हायत, घाबरायचं काय?" एक ते पन्नास, टाइप केलेली. मी बोट ठेवत ठेवत खाली गेले. पन्नासच्या खाली बॉलपेननं, बाईंच्या गोल अक्षरात आणखी एक ओळ होती: ५१. कुंदा. त्या ओळीवर मी अडखळले नाही. वसाहतीत पोरंटोरं "काहून" म्हणायला लागली होती, आणि जाधववहिनींनी तर तो शब्द स्वतःचाच करून टाकला.

दोनेक वर्षांनी आमच्या ह्यांना माहेरच्या बाजूच्या कारखान्यात काम मिळालं आणि आमचं निघायचं ठरलं. सकाळी टेम्पो लागला. सामान चढलं. आळीतल्या बायकांनी डोळे पुसून झाले, पदरात भाकरी-चटणी बांधून झाली. बाई ड्यूटीवर जायच्या वाटेवर थांबल्या होत्या, हातात शेंगांची पुडी. मी टेम्पोत मागे सामानावर बसले आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

"बाई, खरं सांगा. त्या दिवशी वायर चुकून लागली होती का जी?"

बाईंनी पुडी काखेत धरली, एक हात रिसीव्हरसारखा कानाला लावला, आणि थेट बातम्यांच्या आवाजात म्हणाल्या, "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा."

"काहून सांगत नाही?" मी ओरडले. भर रस्त्यात, सगळ्या आळीसमोर, मोठ्यानं.

बाई हसल्या. चिमणीची काजळी त्यांच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर पडत होती. ती त्यांनी झटकली नाही. पुढे येऊन टेम्पोच्या फळीवर दोनदा थाप मारली, ड्रायव्हरकडे पाहिलं आणि पलंगाखालून ओरडायच्या तशा ओरडल्या, "करा!"

टेम्पो हलला. मी म्हणायच्या आधीच माझ्यामागून, अंगणा-अंगणातून, सगळ्या आळीचा आवाज आला.

"ओके!"